सूक्ष्म जुळणीचा युक्तिवाद कसा तपासावा

विश्वाचे मूलभूत नियम आणि त्या नियमांतील आकडे असे जुळून आले आहेत की ते थोडे जरी वेगळे असते तर तारे, रसायने आणि जीव यांपैकी काहीच घडले नसते. म्हणून हे आकडे कोणीतरी हेतुपूर्वक ठरवलेले असले पाहिजेत, असा एक युक्तिवाद गेली पन्नासेक वर्षे तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्र यांच्या सीमेवर गांभीर्याने मांडला जात आहे. इंग्रजीत तो फाइन-ट्यूनिंग या नावाने ओळखला जातो. मराठीत त्याला सूक्ष्म जुळणीचा युक्तिवाद म्हणता येईल. श्रद्धाळू मंडळी तो भारावून सांगतात, नास्तिक मंडळी तो एका वाक्यात निकाली काढतात, आणि पुष्कळदा दोघांनीही तो शेवटपर्यंत तपासलेला नसतो. मला या युक्तिवादाबद्दल मनापासून आदर आहे, आणि ज्याचा आदर करायचा ते नीट तपासलेच पाहिजे, असे मी मानतो. शालेय विज्ञान आठवणाऱ्या आणि चार संध्याकाळ या विषयाला देण्याची तयारी असलेल्या वाचकाने ही तपासणी कशी करावी, ते पुढे सांगितले आहे.

तीन वाक्ये वेगळी करावीत

प्रथम एक कोरा कागद घ्यावा आणि ज्या व्याख्यानात किंवा लेखात हा युक्तिवाद भेटला असेल, तेथील म्हणणे तीन वाक्यांत उतरवावे. पहिले वाक्य भौतिकशास्त्राचे असते: अमुक स्थिरांकाचे मूल्य अमुक मर्यादेबाहेर असते, तर जीवसृष्टी शक्य झाली नसती. दुसरे संभाव्यतेचे असते: कोणी मुद्दाम घडवून आणले नसेल, तर ते मूल्य त्या मर्यादेत पडण्याची शक्यता नगण्य होती. तिसरे कारणाचे असते: म्हणून ते कोणीतरी मुद्दाम घडवून आणले. बोलण्याच्या ओघात ही तिन्ही वाक्ये एकजीव होतात आणि पहिल्याची विश्वासार्हता नकळत तिसऱ्याला चिकटते. कागदावर ती वेगळी दिसली की लक्षात येते की पहिल्याचा निकाल गणिताने आणि प्रयोगाने लागतो, दुसऱ्याचा निकाल संभाव्यता या शब्दाचा अर्थ आपण काय घेतो यावर अवलंबून असतो, आणि तिसऱ्यासाठी इतर सर्व पर्यायांशी तुलना करावी लागते.

येथे ‘जुळणी’ या शब्दापासूनही सावध राहिले पाहिजे. तानपुऱ्याचा मणका बारीक सरकवून सूर लावला जातो तेव्हा तेथे सूर लावणारा असतोच, आणि म्हणून जुळणी म्हटले की जुळवणारा मनात आपोआप उभा राहतो. भौतिकशास्त्रज्ञ मात्र हा शब्द ‘परिणाम या आकड्याच्या बाबतीत अतिशय संवेदनशील आहे’ एवढ्याच अर्थाने वापरतात. ज्या वाक्यात ‘जुळणी’ हा शब्द आला असेल तेथे ‘संवेदनशीलता’ हा शब्द घालून ते पुन्हा वाचावे. अर्थ तसाच राहिला तर वाक्य भौतिकशास्त्राचे आहे. अर्थ बदलला तर रचनाकार त्या वाक्यात आधीच येऊन बसला आहे, आणि जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले गेले आहे.

युक्तिवादाचे रूप ओळखावे

रचनेवरून रचनाकाराकडे जाणारा जुना मार्ग अनुमानाचा आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, म्हणत की घट हे कार्य आहे आणि त्याचा कर्ता कुंभार आहे. पृथ्वी, अंकुर वगैरेही कार्येच आहेत, तेव्हा त्यांचाही कर्ता असला पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला देऊन याच वळणाचे विवेचन केले. दोन्ही ठिकाणी बळ येते ते व्याप्तीमुळे: घट आणि कुंभार, घड्याळ आणि घड्याळजी यांचे साहचर्य आपण पुनःपुन्हा पाहिलेले असते. विश्वाच्या बाबतीत अशी व्याप्ती मिळत नाही, कारण विश्व एकच पाहिलेले आहे आणि त्याची घडण होताना कोणी पाहिलेली नाही. डेव्हिड ह्यूम यांच्या १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादांत हा आक्षेप स्पष्टपणे येतो. बौद्ध आणि जैन तार्किकांनीही नैयायिकांच्या अनुमानातील व्याप्तीवरच बोट ठेवले होते.

सूक्ष्म जुळणीचा युक्तिवाद या आक्षेपातून बऱ्याच अंशी सुटतो, कारण तो या रूपाचा नाही. तो अर्थापत्तीच्या रूपाचा आहे. मीमांसा या दर्शनाच्या अनुयायांचे, म्हणजे मीमांसकांचे, ठरलेले उदाहरण असे: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणून तो रात्री जेवत असला पाहिजे. येथे पूर्वी पाहिलेल्या शंभर देवदत्तांचा आधार घेतलेला नाही. दोन ज्ञात गोष्टी एकमेकींशी विसंगत दिसतात आणि ती विसंगती तिसरी गोष्ट मानल्याशिवाय मिटत नाही, एवढाच आधार आहे. शास्त्रकार याला अन्यथानुपपत्ती म्हणतात, म्हणजे ‘एरवी जुळत नाही’. सूक्ष्म जुळणीचा समर्थक हेच म्हणतो: आकडे वेगळे असू शकले असते, ते जीवसृष्टीला हवे तसेच आहेत, आणि हेतू मानल्याशिवाय याची उपपत्ती लागत नाही. (ज्या मीमांसकांनी अर्थापत्तीला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला, त्यांनी जगाचा निर्माता मात्र मानला नाही, ही गोष्ट मला नेहमीच विचार करायला लावते.)

हे रूप ओळखल्याचा लाभ असा की काय तपासायचे ते नेमके कळते. अर्थापत्तीचा सगळा जीव त्या ‘अन्यथा’ या शब्दात असतो. देवदत्त खरोखर दिवसा जेवत नाही का, तो खरोखर धष्टपुष्ट आहे की अंगावर सूज आहे, आणि रात्रीच्या जेवणाखेरीज दुसरे कारण संभवते का, हे प्रश्न सुटले तरच निष्कर्ष टिकतो. विश्वाबाबत हेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत.

एका आकड्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा

या विषयावरच्या व्याख्यानांत दहा-बारा आकडे एका दमात सांगितले जातात आणि ऐकणारा त्यांच्या ओझ्याखाली दबून जातो. तसे न करता एकच आकडा घ्यावा आणि तो कोठून आला, कोणी मोजला आणि किती हलवला तर काय बिघडते, हे पाहावे. मी कार्बनचे उदाहरण सुचवीन, कारण त्याचा इतिहास स्वच्छ आहे आणि मराठी वाचकाला त्यातील मुख्य व्यक्तीचे नाव परके नाही.

ताऱ्यांच्या गाभ्यात हायड्रोजन संपत आला की हेलियम जळू लागतो. दोन हेलियम अणुकेंद्रे एकत्र आली तर बेरिलियम-८ बनते, पण ते एका सेकंदाच्या १ वर १६ शून्ये इतक्या भागांपैकी जेमतेम एका भागाइतका काळ टिकते आणि पुन्हा फुटते. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन आदळले तरच कार्बन-१२ बनतो. एडविन सॅलपीटर यांनी १९५२ च्या सुमारास हा मार्ग दाखवला, परंतु त्याने बनणारा कार्बन विश्वात दिसणाऱ्या कार्बनच्या मानाने फारच कमी भरत होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये असे भाकीत केले की कार्बनच्या अणुकेंद्राला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या ऊर्जेची एक उत्तेजित अवस्था असली पाहिजे. तीन हेलियम अणुकेंद्रांची एकत्रित ऊर्जा, कार्बनच्या मूळ अवस्थेपासून मोजल्यास, ७.२७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. ताऱ्याच्या गाभ्यातील दहा कोटी अंश तापमानाची गतिज ऊर्जा तिच्यात मिळाली की ही अवस्था नेमकी आवाक्यात येते आणि कार्बन बनण्याचा वेग प्रचंड वाढतो. हॉईल यांनी कॅलिफोर्नियातील कॅलटेकमध्ये जाऊन वॉर्ड व्हेलिंग यांच्या प्रयोगशाळेतील गटाला ती अवस्था शोधायला लावली आणि ती सापडली. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. कार्बनवर आणखी एक हेलियम आदळून ऑक्सिजन बनतो, आणि या जोडीची ऊर्जा ७.१६ भरते, ऑक्सिजनची जवळची अवस्था ७.१२ वर, म्हणजे किंचित खाली आहे. ती किंचित वर असती तर बनलेला बहुतेक कार्बन ऑक्सिजनमध्ये रूपांतरित होऊन गेला असता.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये याच हॉईल यांचे विद्यार्थी होते. गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक पर्यायी सिद्धांत मांडला आणि पुढे नारळीकरांनी पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली. मराठी घरांत हॉईल हे नाव पोहोचले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. हॉईल महास्फोटाच्या सिद्धांताचे विरोधक होते आणि रूढ अर्थाने धार्मिकही नव्हते. तरीही १९८१ मध्ये त्यांनी लिहिले की या वस्तुस्थितीचा सरळ अर्थ लावला, तर एखाद्या महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातला आहे असे वाटते. हे विधान समर्थक वारंवार उद्धृत करतात, आणि त्यांनी ते करण्यात गैर काही नाही.

मात्र येथे दोन नोंदी कागदावर कराव्यात. हॉईल यांनी १९५३ मध्ये भाकीत केले तेव्हा त्यांचा आधार विश्वातील कार्बनचे प्रमाण हा होता. जीवसृष्टीचा मुद्दा त्यांच्या त्या वेळच्या लिखाणात नव्हता, तो अनेक वर्षांनी जोडला गेला. म्हणून ‘जीव आहे या एका गोष्टीवरून हॉईल यांनी अणुकेंद्राचे भाकीत केले’ ही लोकप्रिय कथा सांगू नये. दुसरी नोंद संवेदनशीलतेची. मारिओ लिव्हिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ही ऊर्जापातळी गणितात सरकवून पाहिली, तेव्हा ती ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने वर नेली तरी कार्बनच्या निर्मितीत फारसा फरक पडत नाही असे आढळले. पुढे २०१३ मध्ये ऊल्फ माइसनर यांच्या गटाने अधिक मुळाशी जाऊन क्वार्कच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांच्या) वस्तुमानात बदल केला, तर दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा बदल खपतो असा निष्कर्ष निघाला. दोन-तीन टक्के ही मर्यादा अरुंद आहे, यात शंका नाही. पण ‘केसाच्या हजाराव्या भागाइतका फरक’ असे जे वर्णन कानावर येते, त्यात ती बसत नाही. कार्बनच्या बाबतीत पहिले वाक्य खरे ठरते, मात्र व्याख्यानात सांगितले जाते त्यापेक्षा सौम्य स्वरूपात.

सर्वांत कठीण आकडा बाजूला काढावा

सगळ्याच आकड्यांची तपासणी अशी सौम्यपणे संपत नाही. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्याने जड आहे. प्रोटॉन पुरेसा जड ठरला असता तर साधा हायड्रोजन टिकला नसता. दोन प्रोटॉनांमधील विद्युत् बल त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्ये इतक्या पट आहे, आणि मोठ्या, दीर्घायुषी ताऱ्यांचे अस्तित्व या विषमतेवर उभे आहे. हे आकडे वाचून पुढे जावे आणि विश्वस्थिरांकापाशी थांबावे.

रिकाम्या अवकाशालाही ऊर्जा असते आणि ती विश्वाचे प्रसरण वेगवान करते. विश्वस्थिरांक हे याच ऊर्जेचे माप आहे. पुंज (क्वांटम) सिद्धांतावरून या ऊर्जेचा सरळसोट अंदाज बांधला, तर तो निरीक्षणात आढळणाऱ्या मूल्याच्या सुमारे १ वर १२० शून्ये इतक्या पट येतो. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये असे दाखवले की ही ऊर्जा द्रव्याच्या आजच्या घनतेच्या काहीशे पटींहून अधिक असती, तर द्रव्य गोळा होऊन दीर्घिका बनण्यापूर्वीच सर्व काही विखुरले गेले असते. आणि मोठे ऋण मूल्य असते तर विश्व कधीच आकुंचन पावून संपले असते. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (सुपरनोव्हांच्या) निरीक्षणांवरून प्रसरण खरोखर वेगवान होत असल्याचे दिसले, आणि रिकाम्या अवकाशाच्या या ऊर्जेची, म्हणजे कृष्ण ऊर्जेची, घनता द्रव्याच्या दुपटीहून थोडी अधिक निघाली. वाइनबर्ग स्वतः निरीश्वरवादी होते, आणि त्यांनी ही मर्यादा रचनाकारासाठी काढलेली नव्हती. म्हणूनच ती मला अधिक विश्वसनीय वाटते.

येथे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे की ही विसंगती क्षुल्लक नाही. टीकाकार म्हणतात की १ वर १२० शून्ये हा आकडा अपुऱ्या सिद्धांताचा अपुरा अंदाज आहे, आणि ते बरोबर असू शकेल. पण अंदाजात साठ शून्यांची सवलत दिली तरी उरलेली तफावत डोळ्यांआड करता येत नाही. सूक्ष्म जुळणीचा युक्तिवाद ज्याला हलका वाटतो त्याने आपले खंडन या आकड्यावर चालवून पाहावे, कार्बनवर नव्हे.

संभाव्यतेचा छेद विचारावा

दुसऱ्या वाक्याकडे वळावे. शक्यता अत्यल्प आहे असे म्हटले की तो अपूर्णांक असतो: अंशस्थानी जीवसृष्टीला चालणारी मूल्ये आणि छेदस्थानी एकूण संभवनीय मूल्ये. अंश मोजता येतो, ते वर पाहिले. छेद कोणी मोजला? गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक शून्यापासून अनंतापर्यंत काहीही असू शकला असता असे मानले, तर कोणतीही मर्यादित पट्टी त्या अनंतापुढे शून्यवत ठरते, मग ती अरुंद असो वा अवाढव्य. टिमोथी मॅकग्रू, लिडिया मॅकग्रू आणि एरिक वेस्ट्रप यांनी २००१ मध्ये हा आक्षेप नेटकेपणाने मांडला. युक्तिवादाचे समर्थक उत्तर देतात की सिद्धांत ज्या मर्यादेपर्यंत अर्थपूर्ण राहतो तेवढाच पल्ला घ्यावा. हे उत्तर वाजवी आहे, पण तो पल्ला कोणता घेतला हे प्रत्येक वेळी उघड सांगितले गेले पाहिजे. ज्या लेखात छेद दिलेला नाही, त्या लेखातील संभाव्यतेच्या आकड्यावर रेघ मारावी.

आणखी एक चूक फार वेळा होते. एक स्थिरांक हलवताना बाकीचे सगळे जागच्या जागी ठेवले जातात. ही सोय गणिताची आहे. विश्वाला ती बंधनकारक नाही. २००६ मध्ये रॉनी हार्निक, ग्रॅहम क्रिब्स आणि गिलाद पेरेझ यांनी क्षीण बल (निसर्गातील चार मूलभूत बलांपैकी एक) पूर्णपणे काढून टाकलेल्या एका विश्वाची कल्पना केली, आणि इतर मूल्ये योग्य तऱ्हेने बदलली तर तेथेही तारे आणि रसायने शक्य दिसतात असे दाखवले. त्यावर तेथे पुरेसा ऑक्सिजन बनेल का, अशी शंकाही घेतली गेली. फ्रेड ॲडम्स यांनी २००८ मध्ये तीन मूल्ये एकदम बदलली, तेव्हा त्यांनी तपासलेल्या क्षेत्राच्या साधारण चतुर्थांशात तारे असू शकतात असे निघाले. तारे असणे म्हणजे जीव असणे नव्हे, हे खरे. पण मर्यादा किती अरुंद आहे हे एकेका आकड्यावरून ठरवता येत नाही, एवढे यातून निश्चित होते.

‘आपण आहोत म्हणून’ या उत्तराचे वजन करावे

ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये कोपर्निकसच्या पाचशेव्या जन्मवर्षानिमित्त क्राकुव्ह येथे भरलेल्या परिषदेत मानवकेंद्री तत्त्व मांडले: आपण जे पाहतो त्यावर आपण पाहणारे असण्याच्या अटींची मर्यादा असते. आर्थर एडिंग्टन यांचा जाळ्याचा दाखला येथे उपयोगी पडतो. दोन इंचांची भोके असलेल्या जाळ्याने मासे धरणाऱ्याने ‘समुद्रात दोन इंचांहून लहान मासा नाही’ असा निष्कर्ष काढू नये. त्याचप्रमाणे जीवसृष्टीला प्रतिकूल विश्व आपल्याला दिसणेच शक्य नव्हते. मग अनुकूल विश्व दिसले याचे आश्चर्य कशाला?

या उत्तराला जॉन लेस्ली या तत्त्वज्ञाने दिलेले प्रत्युत्तर प्रसिद्ध आहे. पन्नास निष्णात नेमबाज एका माणसावर एकाच वेळी गोळ्या झाडतात आणि सर्वांचा नेम चुकतो. ‘नेम चुकला नसता तर मी हे बोलायला उरलो नसतो’ हे त्या माणसाचे म्हणणे खरे आहे, पण नेम का चुकला हा प्रश्न त्याने सुटत नाही. मला लेस्ली यांचे म्हणणे पटते. कार्टर यांचे तत्त्व आपण काय पाहू शकतो हे सांगते. जे पाहिले ते का आहे, हे सांगण्याचा भार ते एकट्याने पेलू शकत नाही. त्याला बळ येते ते विश्वे अनेक असतील तेव्हाच. म्हणून चर्चेत कोणी ‘आपण आहोत म्हणून’ एवढेच म्हणून थांबला, तर त्याला नम्रपणे विचारावे की विश्वे अनेक आहेत असे तो मानतो का. होय म्हणाला तर त्याने ते समर्थनासह मांडावे.

याच ठिकाणी एक गैरसमजही दूर करावा. हजार चिठ्ठ्यांच्या सोडतीत ज्याचा क्रमांक लागला त्याची शक्यता हजारात एक होती, तरी त्यात संशयास्पद काही नाही, कारण कोणाचा तरी क्रमांक लागणारच होता. पण सोडत काढणाऱ्याच्या भाच्याचाच क्रमांक लागला, तर लोक कुजबुजतात. शक्यता दोन्ही वेळी तितकीच अल्प असते. फरक असा की दुसऱ्या वेळी त्या निकालाची अपेक्षा निर्माण करणारे एक वेगळे कारण हाताशी असते. तेव्हा केवळ अल्प शक्यतेने काही सिद्ध होत नाही. पर्यायी कारण तो निकाल कितपत अपेक्षित ठरवते, आणि ते कारण मुळात कितपत विश्वसनीय आहे, यांवर सगळे अवलंबून असते. जीवसृष्टी हा रचनाकाराचा भाचा आहे असे समर्थक मानतो. ते त्याने आधी दाखवले पाहिजे.

पर्याय एकाच तराजूत तोलावेत

पहिला पर्याय असा की आकडे वेगळे असूच शकत नव्हते किंवा त्यांच्यामागे अजून न सापडलेले भौतिक कारण आहे. हा पर्याय उडवून लावण्यापूर्वी विश्वाच्या सपाटपणाचा, म्हणजे मोठ्या पल्ल्यावर अवकाशाला वक्रता जवळपास नसण्याचा, इतिहास वाचावा. महास्फोटानंतर एका सेकंदाने विश्वाची घनता एका विशिष्ट मूल्याशी १ वर १५ शून्ये इतक्या भागांतील एका भागाच्या आसपास अचूक जुळलेली असणे आवश्यक होते, आणि हे सूक्ष्म जुळणीचे मोठे उदाहरण मानले जाई. ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या स्फीतीच्या कल्पनेने दाखवले की आरंभीच्या क्षणी विश्व झपाट्याने फुगले असेल, तर आरंभीची घनता काहीही असली तरी ती त्या मूल्याकडेच जाईल. स्फीतीला स्वतःला किती जुळणी लागते हा वाद चालू आहे. पण एक ‘अन्यथा’ येथे मोकळा झाला, एवढे खरे. कोणत्याही आकड्याबाबत ‘भौतिक कारण असूच शकत नाही’ असे ठामपणे म्हणणाऱ्याला हे उदाहरण दाखवावे. मात्र ‘कधीतरी कारण सापडेल’ हे आश्वासन म्हणजे कारण नव्हे, हेही तितक्याच ठामपणे लक्षात ठेवावे.

दुसरा पर्याय बहुविश्वाचा. स्फीतीच्या काही रूपांतून असंख्य विश्वे निपजतात, आणि मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने असे मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतात १ वर ५०० शून्ये इतक्या प्रकारच्या निर्वात अवस्थांची (म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या संभाव्य स्थितींची) चर्चा होते. तसे असेल तर विश्वस्थिरांकाचे लहान मूल्य कोठेतरी असणारच, आणि आपण तेथेच असणार. या पर्यायावर तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९८७ मध्ये घेतलेला आक्षेप विचारार्ह आहे: खोलीत शिरताच दोन फाशांवर बारा पडलेले पाहून ‘फासे आधी पुष्कळदा टाकलेले असणार’ असे मानणे चूक आहे, कारण आधीच्या फेकींनी ही फेक बारा होण्याची शक्यता वाढत नाही. यावर प्रत्युत्तर असे दिले जाते की बारा पडल्याशिवाय आपल्याला खोलीत प्रवेशच नव्हता. शिवाय बहुविश्वाचे काही नमुने असे आहेत की त्यांत सुव्यवस्थित विश्वात उत्क्रांत झालेल्या निरीक्षकांपेक्षा योगायोगाने क्षणभर जुळून आलेले निरीक्षक अधिक निघतात. ज्या नमुन्यात हे घडते तो नमुना आपल्या अनुभवाशी जुळत नाही.

तिसरा पर्याय रचनाकाराचा. त्यालाही तोच प्रश्न विचारावा जो इतरांना विचारला: या गृहीतकावरून आपण काय अपेक्षिले असते? रचनाकाराला जीव हवे होते असे आधी मानले तर अनुकूल विश्व अपेक्षित ठरते, पण ती इच्छा निरीक्षण पाहूनच जोडलेली असेल, तर त्यात भाकिताचे बळ राहत नाही. तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांच्यासारखे समर्थक याला उत्तर देतात की सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि सर्वथा चांगल्या ईश्वराला ज्ञानी आणि नीतिमान जीव निर्माण करण्याचे सबळ कारण असते, आणि हे निरीक्षणापूर्वीही म्हणता येते. हे उत्तर त्या ईश्वराच्या विशिष्ट कल्पनेवर उभे आहे. पूर्वजन्मीच्या कर्मांनुसार जग रचणारा ईश्वर किंवा निर्गुण ब्रह्म यांच्याबाबत ते जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि भारतीय वाचकाने या युक्तिवादाने नेमका कोणता ईश्वर सिद्ध होत आहे हे विचारलेच पाहिजे. सर्वशक्तिमान रचनाकाराला कोणत्याही नियमांत जीव टिकवता आले असते, मग आकडे जुळवण्याची गरज का पडली, हाही प्रश्न माझ्या मते अद्याप पुरेसा सुटलेला नाही.

तिन्ही पर्यायांना कागदावर सारखी जागा द्यावी, आणि प्रत्येकासमोर त्याची सर्वांत कठीण अडचण त्याच्या समर्थकालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहावी. ती तशी लिहिता येत नसेल तर त्या पर्यायाचे वाचन अपुरे आहे असे समजावे.

निकाल आकड्यागणिक लिहावा

शेवटी संपूर्ण युक्तिवादाला एकच निकाल देण्याचा मोह आवरावा. प्रत्येक आकड्यासाठी वेगळी ओळ आखावी आणि तिच्यात मर्यादा किती अरुंद आहे, छेद कोणता घेतला, आणि कोणता ‘अन्यथा’ अजून मोकळा आहे, या तीन गोष्टी तारखेसह लिहाव्यात. नवे संशोधन वाचनात आले की जुनी ओळ खोडू नये. तिच्याखाली नवी लिहावी.

माझ्या कागदावर सपाटपणाच्या ओळीपुढे ‘भौतिक कारण बहुधा मिळाले’ असे लिहिलेले आहे. कार्बनच्या ओळीपुढे ‘मर्यादा दोन-तीन टक्के, आश्चर्य मध्यम’ असे आहे. विश्वस्थिरांकाच्या ओळीपुढची जागा मी गेली काही वर्षे पेन्सिलीनेच भरत आलो आहे. आज तेथे बहुविश्व आणि हेतू हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांपैकी एकही खोडण्याजोगा पुरावा अजून माझ्या वाचनात आलेला नाही.